मिसवाकचा व्यापार : काडी स्वस्त, विश्वास महाग

रमजानचा महिना जवळ आला की आपल्या बाजारपेठांत खजूर, अत्तर आणि टोपी-तसबीहच्या जोडीने मिसवाकची मागणी वाढते. मशिदीच्या दाराशी बसणारा फेरीवाला, अत्तरवाला, किराणा दुकानदार, युनानी औषधांचे दुकान, सारेच ती ठेवतात. तरी या मालाकडे व्यापार म्हणून फारसे कोणी पाहत नाही. खजूर बोटाने दाबून त्याची जात सांगणारे, अत्तराचा फाया नाकाजवळ नेताच दर्जा ओळखणारे आपले दुकानदार मिसवाकचा गठ्ठा मात्र न पारखता घेतात, डब्यात उभा करून ठेवतात आणि सहा महिन्यांनी वाळून लाकूड झालेली तीच काडी ग्राहकाच्या हातात देतात.

ग्राहक ती घरी नेतो. चावूनही ती मऊ होत नाही, हिरडी सोलते, रक्त येते. तो तक्रार करायला परत येत नाही. कारण वस्तू थोड्या पैशांची आणि बाब सुन्नतची. तो फक्त पुन्हा घेत नाही. या धंद्याचे खरे नुकसान इथे होते आणि ते वहीत कुठेच दिसत नाही. म्हणून या अंकात मिसवाक, दंतमंजन आणि त्यांच्या शेजारी ठेवल्या जाणाऱ्या एका घातक मालाचा विचार आम्ही व्यापाऱ्याच्या नजरेने करीत आहोत.

मागणी पक्की आहे

मिसवाकच्या मागणीसाठी जाहिरात लागत नाही. उम्मतला जड जाईल ही काळजी नसती तर प्रत्येक नमाजच्या वेळी मिसवाक करण्याचा हुकूम दिला असता, या आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. चौदा शतके टिकलेली अशी मागणी क्वचितच एखाद्या मालाला लाभते.

रमजानमध्ये ती वाढण्याचे कारण साधे आहे. रोजात चवीचे पेस्ट वापरणे लोक टाळतात आणि तोंडाचा वास घालवण्यासाठी काडी हातात घेतात. इथे दुकानदाराने एक गोष्ट लक्षात ठेवावी. हनफी मसलकात रोजात दिवसभर मिसवाक करता येते. शाफई मसलकात मात्र जवालनंतर, म्हणजे दुपार कलल्यावर, रोजेदाराने मिसवाक करणे मकरूह असल्याचे मत प्रसिद्ध आहे. आपल्या कोकणी मुसलमानांत शाफई मसलक चालतो. तेव्हा रत्नागिरी-रायगडच्या ग्राहकाने याविषयी विचारले तर त्याच्याशी वाद घालू नये. आपल्या आलिमांना विचारा, असे नम्रपणे सांगावे. माल विकणे आपले काम, फतवा देणे नव्हे.

झाड कोणते, माल कोठला

मिसवाक अनेक झाडांची होऊ शकते, पण बाजारात जिला मिसवाक म्हणतात ती पिलूच्या झाडाची. अरबीत या झाडाला अराक, मारवाडात खारा जाळ, गुजरातेत पिलू किंवा खारी जाळ म्हणतात. अरबस्तानपासून सिंध, राजस्थान आणि गुजरातच्या खाऱ्या, कोरड्या पट्ट्यापर्यंत ते वाढते. जिथे दुसरे पीक तग धरत नाही अशा क्षारयुक्त जमिनीत हे झाड उभे राहते. म्हणूनच भरूच भागातील खाऱ्या काळ्या जमिनींसाठी कृषी संशोधकांनी त्याच्या लागवडीचे प्रयोग केले. त्याच्या बियांतून तेल निघते व ते साबणाच्या धंद्यात उपयोगी पडते. म्हणजे काडीखेरीजही या झाडाला बाजारमूल्य आहे.

बंद पाकिटातील काही माल पाकिस्तानी छापाचा असतो. त्याबाबत व्यापाऱ्याने सावध राहावे. भारत सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानी मालावर २०० टक्के सीमाशुल्क लावले आणि २ मे २०२५ च्या अधिसूचनेने तिकडील सर्व मालाच्या आयातीवर बंदी घातली. तिसऱ्या देशातून फिरवून आणलेला मालही या बंदीत येतो. तेव्हा एजंट कमी भावात असा माल देऊ लागला तर पाकिटावरील उत्पादक देश पाहा, पक्के बिल मागा. बिल नसलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी एका जप्तीत वर्षाचा नफा जातो.

यातूनच आपल्या लोकांसाठी संधीही निर्माण होते. गुजरात आणि राजस्थानातील पिलू महाराष्ट्राच्या जवळ आहे. तिथून ताजा माल थोडाथोडा मागवणे दूरदेशीच्या पाकिटापेक्षा सोयीचे ठरते. मात्र रानातून मुळे उपटणाऱ्याकडून माल घेऊ नये. उत्तम काडी बहुधा मुळाची असते आणि मुळे बेसुमार खणली तर झाड मरते. लागवडीच्या जमिनीतला किंवा रीतसर परवानगीने काढलेला माल घ्यावा. झाडच संपले तर पुढच्या पिढीला धंदा कशाचा राहील?

पारख कशी करावी

मिसवाक दिसायला लाकूड असली तरी तिचा व्यापार भाजीपाल्यासारखा करावा, हे आमचे मुख्य सांगणे आहे. ताजेपणा हाच तिचा दर्जा. पारखण्याच्या काही खुणा अशा :

जाडी करंगळीएवढी किंवा पेन्सिलीएवढी असावी आणि लांबी सुमारे १५ ते २० सेंटीमीटर. फार जाड काडी दाढांपर्यंत पोचत नाही, फार बारीक काडीचा कुंचला टिकत नाही.

वरची साल तपकिरी आणि आतले लाकूड फिकट, पिवळसर असावे. साल नखाने सहज निघाली पाहिजे. आतून काळपट डाग दिसले तर माल ओलसर जागेत राहिला आहे असे समजावे.

हलके वाकवल्यास काडी लवली पाहिजे. कट्‌ आवाज करून मोडली तर ती वाळलेली आहे.

चावल्यावर मोहरीसारखा तिखट झणका आला पाहिजे. हा झणका म्हणजे पिलूची ओळख. भेसळीत भलत्याच झाडाच्या काड्या मिसळल्या असतील तर त्या इथेच उघड्या पडतात. गठ्ठ्याच्या वरची एकच काडी पाहू नये. मधली एक आणि खालची एक काढून चाखावी.

साठवणीत दोन्हीकडून धोका असतो. उघडी ठेवली तर काडी वाळते. ओली असताना प्लास्टिकमध्ये कोंडली तर बुरशी धरते. हवा काढून बंद केलेले पाकीट हा त्यावरचा चांगला मार्ग. ते परवडत नसेल तर वर्षाचा माल एकदम न भरता पंधरा दिवसांपुरताच आणावा, सावलीत ठेवावा आणि जुना आधी विकावा. बुरशी लागलेली काडी पुसून पुन्हा डब्यात ठेवणे हा सरळ धोका आहे. मालातला दोष झाकून विकणे आपल्या दीनमध्ये निषिद्ध आहे, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

हिशेब नीट मांडा

अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. भाव गावोगाव वेगळे असतील, पण रीत तीच. समजा १०० नगांचा गठ्ठा ५०० रुपयांना आला आणि वाहतूक ४० रुपये पडली. पाकिटाला नगामागे १ रुपया खर्च. वरवर पाहता एक नग ६ रुपये ४० पैशांना पडला. १० रुपयांना विकला तर शंभर नगांवर ३६० रुपये नफा, असे दुकानदार मनात धरतो.

पण त्यांतले १५ नग मोडके, वाळके किंवा डागी निघाले तर? विकण्याजोगे राहिले ८५. त्यांच्या पाकिटांचे ८५ रुपये धरून एकूण खर्च ६२५ रुपये झाला. म्हणजे खरा नग ७ रुपये ३५ पैशांना पडला. विक्री ८५० रुपयांची आणि नफा २२५ रुपये. ३६० आणि २२५ यांतील फरक भरून काढण्यासाठीच तो १५ नगांचा खराब माल गिऱ्हाइकाच्या माथी मारला जातो. त्यापेक्षा सुरुवातीलाच घट धरून भाव ठरवावा किंवा घाऊक व्यापाऱ्याशी खराब नग बदलून देण्याचा करार करावा. ११ रुपयांना चांगली काडी घेणारा ग्राहक परत येतो, १० रुपयांना वाळकी काडी घेणारा येत नाही.

कापणे, निवडणे, पाकिटे भरणे हे काम घरबसल्या होण्यासारखे आहे. काडी खिशात स्वच्छ राहावी म्हणून लाकडाची किंवा प्लास्टिकची नळी लागते. खराद्यावर काम करणाऱ्या कारागिरांना तेही एक काम आहे. पाकिटात भरून विकायचे ठरले की वजन-मापाचे नियम लागू होतात. भरणाऱ्याचे नाव-पत्ता, नगांची संख्या, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील छापावा लागतो. महाराष्ट्रात हे काम वैध मापन शास्त्र विभाग पाहतो. आपला माल ताजा असेल तर भरल्याचा महिना छापणे हीच आपली जाहिरात आहे.

शास्त्र काय म्हणते

ग्राहक विचारतो, ‘याने खरेच दात चांगले राहतात का?’ याचे उत्तर दुकानदाराला ठाऊक असावे आणि ते खरे असावे.

काडीचे तंतू दातांवरचा चिकट थर घासून काढतात. हे काम यांत्रिक आहे. शिवाय पिलूच्या मुळात बेन्झिल आयसोथायोसायनेट नावाचे द्रव्य असते. मोहरीसारखा झणका त्याच वर्गातल्या द्रव्याचा. ते तोंडातील काही रोगजंतूंना मारक ठरते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. काडीत सिलिका, टॅनिन यांसारखे घटकही आहेत. जिथे प्रथा आहे तिथे मिसवाक वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये अनुकूलता दाखवली, तर २००० साली तोंडाच्या स्वच्छतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय अहवालाने आणखी संशोधन हवे असे म्हटले. दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

मर्यादाही सांगाव्यात. मिसवाकने किडलेली दाढ भरून येत नाही. दातांवर दगडासारखा कडक झालेला थर काडीने निघत नाही. तो दंतवैद्यालाच काढावा लागतो. कीड रोखण्यासाठी फ्लोराइडचा उपयोग सिद्ध झालेला आहे, म्हणून विशेषतः मुलांना रात्री फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करायला लावावे आणि दिवसा वजूच्या वेळी मिसवाक करावी. दोन्हींत भांडण नाही. हिरड्यांतून वरचेवर रक्त येत असेल, दात हलत असतील, मधुमेह असेल, तर आधी दंतवैद्य, मग दुकान. असे सांगणारा दुकानदार एक काडी गमावेल, पण एक घर जोडेल.

वापर सांगून विका

टोकाची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर साल सोलावी, टोक थोडा वेळ पाण्यात भिजवावे, मग चावून कुंचला करावा. जोर लावू नये. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलका हात फिरवावा. आडवे घासणे आणि जोर करणे यांनी हिरडी मागे सरते. वर्षानुवर्षे चुकीच्या हाताने मिसवाक करणाऱ्यांत हा दोष आढळतो. काडीचा कुंचला सरळ रेषेत असल्यामुळे दातांची आतली बाजू आणि मागच्या दाढा सुटतात, तिकडे मुद्दाम लक्ष द्यावे. कुंचला झडला किंवा झणका गेला की तेवढे टोक कापून नवे करावे. एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये आणि न्हाणीघरात ओलाव्यात ती ठेवू नये.

एवढा मजकूर एका छोट्या चिठ्ठीवर मराठीत आणि उर्दूत छापून पाकिटात घातला तर खर्च थोडा आणि लाभ मोठा.

मंजन करणाऱ्यांसाठी

पिलूची काडी मिळत नसे तिथे आपल्याकडे बाभूळ, कडुनिंब आणि करंज यांचे दातवण चाले. युनानी हकीम मंजनाला सनून म्हणतात. बाभळीच्या सालीचा सनून त्यांच्या परंपरेत प्रसिद्ध आहे. मायफळ, फिटकरी, अक्कलकारा, लवंग हे माल अत्तार गल्लीत आजही मिळतात. घरगुती मंजनाचा धंदा पुष्कळ जण करू पाहतात.

या धंद्यात घरातून सुरू झालेल्या कामाचे मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला विको कंपनी काढली. पहिला माल वज्रदंती मंजन. तो घरोघर फिरून विकला गेला. दुसरे उदाहरण आपल्याला विचार करायला लावणारे आहे. ‘मेसवाक’ नावाची टूथपेस्ट बालसारा कंपनीने बाजारात आणली आणि २००५ मध्ये डाबरने बालसाराचा हा धंदा विकत घेतला. जी काडी आपण डब्यात वाळत ठेवली तिच्या नावावर दुसऱ्यांनी देशभर विक्री उभी केली. यात त्यांचा दोष नाही. त्यांनी दर्जा एकसारखा ठेवला, पाकीट नीट केले आणि माल वेळेवर पोचवला.

मंजन करायचे तर तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, मंजन अगदी बारीक असावे. जाडीभरडी राखुंडी, कोळसा, विटेची पूड, गेरू यांनी दात चमकल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात वरचे आवरण झिजते आणि गेलेले आवरण परत येत नाही. दुसरी, परवाना. विक्रीसाठी मंजन बनवणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते. युनानी किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचे तर त्याचा वेगळा परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी, मगच डब्या छापाव्यात. तिसरी, दावे. ‘सर्व दंतरोग मुळापासून बरे’, ‘कर्करोगावर रामबाण’ असे छापणे खोटे तर आहेच, शिवाय कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे. सुन्नतचे नाव घेऊन खोटा दावा करणे तर दुहेरी गुन्हा.

लवंगतेलाबद्दलही एक शब्द. ठणका तात्पुरता थांबवण्यास ते उपयोगी, पण निखळ तेल हिरडीला भाजते, म्हणून कापसाच्या बोळ्याला थेंबभरच लावावे. ठणका थांबला म्हणजे कीड गेली असे नव्हे.

शेजारची बरणी

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिणे आम्हाला आवश्यक वाटले तिच्याकडे वळतो. ज्या किराणा दुकानात मिसवाकचा डबा आहे त्याच फळीवर अनेक ठिकाणी मिश्रीही असते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड आपल्या राज्यातील अनेक बाया दात घासण्यासाठी म्हणून वापरतात. काही घरी भाजतात, काही विकत घेतात. सुरुवात ‘दात स्वच्छ होतात’ म्हणून होते. मग सकाळी एकदा लागणारी मिश्री दुपारी, रात्री, कामाच्या मधे लागू लागते. ती दंतमंजन राहत नाही, ते तंबाखूचे व्यसन असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूररहित तंबाखू कर्करोगजनक ठरवली आहे. मिश्री हिरडीवर आणि गालाच्या आत लावली जाते आणि रोग तिथेच धरतो. गर्भवतीने ती वापरल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका असतो. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट व मंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. म्हणजे दंतमंजन म्हणून तंबाखू विकणे कायद्यालाही मान्य नाही.

दुकानदार म्हणेल, ‘मी नाही विकली तर समोरचा विकेल.’ खरे आहे. पण ही पुडी घेणारी बाई बहुधा आपल्याच मोहल्ल्यातली असते, आपल्याला भाई किंवा चाचा म्हणणारी असते. तिच्या तोंडात पांढरा चट्टा उठला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर उपचाराचा खर्च तिच्या घरावर पडतो. मिश्रीच्या पुडीवर सुटणारे चार पैसे आणि त्या घरावर येणारे संकट यांची तुलना ज्याने त्याने आपल्या मनाशी करावी.

ती बरणी काढून टाकताना नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण सवय सोडणे कठीण असते. पर्याय हातात द्यावा लागतो. मऊ ब्रश आणि साधे पेस्ट, बारीक मंजन किंवा ताजी, भिजवलेली मिसवाक तिथेच दाखवावी. पहिली काडी फुकट द्यावी. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा असेल तर सरकारी दंत रुग्णालयात जाण्यास सांगावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत.

शेवटी

येत्या रमजानची खरेदी करण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी तीन कामे करावीत. जुना गठ्ठा बाहेर काढून वाळकी, डागी काडी वेगळी करून टाकावी. नव्या मालाचे पक्के बिल घ्यावे आणि चाखून घ्यावा. आणि फळीवरून मिश्रीची बरणी उतरवावी. व्यापाऱ्यांच्या पंचायती आणि मोहल्ला कमिट्यांनी हा विषय एखाद्या बैठकीत घेतला तर एकट्या दुकानदाराचा ‘समोरचा विकेल’ हा अडसरही दूर होईल. सचोटीच्या व्यापारात बरकत आहे, हे आपण एकमेकांना नेहमी सांगतो. इन्शाअल्लाह, या लहानशा काडीपासून ते करून दाखवता येईल.